कलम सतराचा घोडा

यंत्रांचे आणि माझे पहिल्यापासून पटत नाही. मी मिक्सर लावला की त्याचे झाकण छताला भेटून येते. बँकेतले पासबुक छापायचे यंत्र इतरांच्या हातचे पासबुक छापते, माझ्या हातचे चावते. स्कूटरच्या बाबतीत तर माझी ख्याती अशी, की मी किक मारायला लागलो की सोसायटीतली मुले मोठ्याने आकडे मोजू लागतात. असा मी, आणि मोटारीच्या गिअरबॉक्सचा इलेक्ट्रॉनिक डबा बदलण्यावर लेख लिहिणार, हे ऐकून आमची सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "आधी गॅसचा रेग्युलेटर बदलायला शिका."

बरोबर आहे तिचे. पण मला खरे म्हणजे डब्याबद्दल लिहायचे नाही. त्या डब्यापायी एक प्रश्न आमच्या ताईच्या घरी तीन दिवस मुक्कामाला होता, त्याबद्दल लिहायचे आहे. प्रश्न साधा आहे. चूक पुसली म्हणजे ती गेली का? आणि गेली नसेल तर जाते कुठे? बावीस-तेवीस वर्षे खोडरबर आणि लाल शाई यांच्यामध्ये बसलेल्या माणसाला या विषयावर चार शब्द बोलायचा अधिकार असावा, असे आपले मला वाटते.

तर झाले असे. माझी थोरली बहीण अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहते. भाऊजी १९९८ साली तिकडे गेले. त्या वेळी जगभरच्या संगणकांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची पद्धत होती, आणि २००० साल उजाडले की यंत्रे ते १९०० समजतील अशी भीती पडली होती. ती चूक निस्तरायला आपल्याकडची पुष्कळ मुले विमानात बसली, त्यांत आमचे भाऊजी. म्हणजे त्यांचा बंगला, हिरवळ आणि मुलांची कॉलेजे ही सगळी, कुणीतरी दोन आकडे लिहायचा कंटाळा केला, त्यावर उभी आहेत. ताई बरीच वर्षे 'ये, ये' म्हणत होती. सरकारी बँकेच्या प्रवास-सवलतीत न्यू जर्सी बसत नाही. म्हणून तिकीट तिने काढले आणि मी त्या बदल्यात थालीपिठाची भाजणी नेली. दोन्ही पक्षांना आपणच फायद्यात राहिलो असे वाटणे, हा उत्तम व्यवहार होय, असे आम्हांला कॉलेजात शिकवले होते.

विमानतळावर भाऊजी म्हणाले, "मिनीव्हॅन आणली आहे." मिनी म्हटल्यावर मी छोटी गाडी शोधू लागलो. समोर उभी होती ती आमच्या शाखेच्या स्ट्राँगरूमएवढी. सात माणसांच्या जागा, दोन्ही बाजूंना सरकती दारे, मागे आणखी चार पिंपे मावतील एवढी मोकळी जागा. तिकडच्या मुलेबाळेवाल्या घरांत ही गाडी म्हणजे घरातलेच एक माणूस असते. या गाडीने मुलांना शाळेत नेले, फुटबॉलला नेले, मंडळाच्या गणपतीचे मखर वाहिले आणि परतीच्या वाटेवर ढोलही वाहिले. २०१२ चे मॉडेल, आणि धावली होती १,३८,००० मैल. आता दोन्ही मुले कॉलेजच्या गावी गेली. दोघांना सात खुर्च्या कशाला, म्हणून ती विकायची ठरली होती. गिऱ्हाईकही मिळाले होते. सोलापूरकडचा एक तरुण इंजिनिअर, वर्षभरापूर्वी आलेला. बायको, आठ महिन्यांचे बाळ, आणि सोलापूरहून आईवडील यायचे. मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झालेली, त्यामुळे तो भाऊजींना 'काका' म्हणत असे. किंमत ठरली ५,५०० डॉलर. शनिवारी सकाळी येऊन गाडी नेणार होता.

आणि बुधवारी संध्याकाळी गाडीने आपले मत नोंदवले.

आम्ही ओक ट्री रोडवरून कोथिंबीर घेऊन परत येत होतो. ओक ट्री रोड म्हणजे एडिसनचा लक्ष्मी रस्ता. साड्या, सोने, मिठाई, मेथीची जुडी, सगळे एका रांगेत. सिग्नल सुटला, आणि गाडीने मागून कुणीतरी लाथ मारावी तसा धक्का दिला. मी आधी मागे पाहिले, मग कोथिंबिरीकडे पाहिले. दुसरा धक्का बसला. इंजिन मोठमोठ्याने ओरडू लागले, पण वेग काही येईना. आमच्या शाखेत वार्षिक तपासणीच्या आधी जे वातावरण असते, अगदी तसे. समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले आणि आम्ही बैलगाडीच्या दिमाखात घरी आलो.

इथे थोडी शास्त्रीय माहिती देणे भाग आहे. भाऊजींनी मला दिली ती मी तुम्हांला देतो. मधल्या मध्ये गळती झाली असल्यास ती माझी. तिकडच्या बहुतेक गाड्यांत पायाने दाबायचा क्लच नसतो, गिअर आपोआप पडतात. ओल्ड्समोबाइल कंपनीने १९४० च्या मॉडेलात अशी गाडी बाजारात आणली, तेव्हापासून अमेरिकन माणसाचा डावा पाय हळूहळू सेवानिवृत्त होत गेला. पूर्वी हे काम नुसत्या तेलाच्या दाबावर चाले. आता त्यावर एक डबा बसवलेला असतो. आत जाणारा दांडा किती फिरतोय, बाहेर येणारा किती फिरतोय, पायाने किती दाबले आहे, तेल किती तापले आहे, ही सगळी वर्दी त्याच्याकडे येते. मग तो ठरवतो, आणि विजेच्या बारीक झडपा उघडमीट करून तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवतो. थोडक्यात, हा डबा म्हणजे शाखेतला हेडक्लार्क. गाडी चालवल्याचे श्रेय मॅनेजरला, पण याने मान हलवल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.

आणि या डब्याला आपल्याच डोक्याविषयी शंका आली की तो काय करतो, ठाऊक आहे? तो गाडी भर रस्त्यात बंद पाडत नाही, आणि काही झालेच नाही असेही दाखवत नाही. एक मधला गिअर धरून ठेवतो, दिवा लावतो आणि म्हणतो, 'माझा हिशेब जमत नाहीये, लंगडत लंगडत घरी जा आणि जाणत्याला दाखव.' मला हे फार आवडले. आमच्याकडे याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. जी रक्कम कुठली ते कळत नाही, ती त्या खात्यात सगळ्यांच्या देखत ठेवायची. 'आम्हांला कळलेले नाही' हे कबूल करणारे बँकेतले ते एकमेव खाते.

भाऊजींनी घरी येताच कपाटातून तळहाताएवढे एक यंत्र काढले आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला हे सॉकेट असावेच लागते. पडद्यावर आले, 'पी ०७००'.

"म्हणजे काय?" मी विचारले.

"म्हणजे गिअरबॉक्स खात्याकडून तक्रार आली आहे. काय तक्रार, ते त्या खात्याला विचारा."

मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. हे आमचे अग्रेषण पत्र! 'सोबतचा कागद आवश्यक त्या कार्यवाहीस्तव.' आणि सोबतचा कागद कधीच सोबत नसतो. भाऊजींनी त्या खात्याला विचारले तेव्हा कळले, की डब्याचा स्वतःचाच मेंदू बिघडला असावा.

गुरुवारी गाडी गॅरेजमध्ये गेली. गॅरेजचा मालक म्हातारा, पोलंडहून आलेला. बोलण्यात कंजूष. त्याने आल्या आल्या डब्यावर आळ घेतला नाही. आधी बॅटरी तपासली, मग जमिनीची तार, मग जोडणीच्या पिना गंजल्यात का, मग तेल. कारण बॅटरी नरम असली किंवा तार सैल असली, तरी डबा वेड्यासारखा वागतो आणि लोक उगाच चांगला डबा फेकून देतात. आमच्याकडे नेमके उलटे. व्यवहारात गोंधळ झाला की आधी हेडक्लार्कची बदली होते. तार सैल होती हे पुढच्या हेडक्लार्कच्या वेळी समजते. दोन तासांनी म्हातारा हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "डबाच गेला." नवा डबा, त्यात माहिती भरणे, मजुरी, सगळे मिळून १,१५० डॉलर.

रात्री स्वयंपाकघरात बैठक बसली. भाऊजींनी कागदावर तीन पर्याय लिहिले. एक, नवा डबा, १,१५०. दोन, भंगारातल्या गाडीचा जुना डबा, १५० डॉलर. पण त्याच्या पोटात दुसऱ्या गाडीचा नंबर आणि तिचे संस्कार, पुन्हा मजुरी वेगळीच. तिसऱ्या पर्यायापुढे त्यांनी काही लिहिले नाही. नुसते ते तळहाताएवढे यंत्र टेबलावर ठेवले. त्याला एक बटण होते. ते दाबले की नोंद पुसली जाते, दिवा विझतो, आणि गाडी काही काळ, कधी तासभर तर कधी दोन-तीन दिवस, शहाण्यासारखी चालते.

"शनिवारी सकाळपर्यंत टिकेल," भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले. "आणि इथे जुनी गाडी विकताना कागदावर लिहितातच, 'जशी आहे तशी'. बघून घेणं घेणाऱ्याचं काम."

भाऊजींवर अन्याय व्हायला नको. सद्गृहस्थ आहेत. रात्री दोन वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, 'थांबा'च्या पाटीपुढे पूर्ण थांबून दोन्हीकडे पाहणारा माणूस. पण ५,५०० च्या गाडीवर जाता जाता १,१५० खर्च करायचे म्हटले की सद्गृहस्थाच्या पोटातही कालवते. माझ्यासारख्याने तर त्या १,१५० ला मनातल्या मनात रुपयांनी गुणले आणि पाणी प्यायलो.

त्यांनी बटण दाबले. "नुसतं बघू या," म्हणाले. दिवा विझला.

आणि नेमका त्याच वेळी मला घोडा आठवला.

ज्यांनी बी.कॉम. केले आहे त्यांना हा घोडा माहीत असतो. भारतीय करार कायदा, १८७२. त्याचे कलम १७ फसवणूक म्हणजे काय ते सांगते, आणि त्याखालच्या उदाहरणांत एक घोडा उभा आहे. 'अ' हा 'ब'ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. दीडशे वर्षे होऊन गेली, परीक्षेच्या प्रत्येक हंगामात तो घोडा विकला जातो आणि 'ब' तो बिनतक्रार घेतो. मी स्वतः तो घोडा तीनदा विकला, कारण त्या विषयात मी दोनदा नापास झालो.

"बघा," भाऊजी म्हणाले, "म्हणजे कायदाही माझ्याच बाजूचा."

"पहिल्या उदाहरणापुरता," मी म्हणालो. तीनदा पाठ केल्याचा फायदा आयुष्यात प्रथमच होत होता. "पुढे आणखी घोडे आहेत. 'ब' ही 'अ'चीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे 'अ'ने सांगायलाच हवं. आणि तिसरं उदाहरण, 'ब' म्हणाला की 'तू नाही म्हणाला नाहीस, तर मी घोडा निकोप धरतो,' आणि 'अ' गप्प बसला, तर ते गप्प बसणं म्हणजेच बोलणं."

"तो काही माझी मुलगी नाही."

"काका म्हणतो तुम्हांला."

"इथे मला चाळीस जण काका म्हणतात. शिवाय तुमचा कायदा न्यू जर्सीत लागू नाही."

तेही खरेच. पण मला खटकत होते ते वेगळेच. त्या उदाहरणातला 'अ' निदान नुसता गप्प बसला होता. त्याच कलमात वर आणखी एक पोटकलम आहे, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणे. ती मात्र सरळ फसवणूक. आमच्या घोड्याने तर ओक ट्री रोडवर चारचौघांत लंगडून दाखवले होते, दिवा लावून सांगितले होते. भाऊजी गप्प बसणार नव्हते, ते घोड्याला गप्प बसवणार होते.

"तू एवढा का लाल झालास?" ताईने मला विचारले. लहानपणापासून तिला माझा चेहरा वाचता येतो. मग मी त्या दोघांना जे सांगितले, ते तोवर आमच्या हिलासुद्धा सांगितले नव्हते.

२००२ साल. मी नोकरीत नवा, तालुक्याच्या गावच्या शाखेत. खातेवह्या अजून हाताने लिहायच्या होत्या. महिनाअखेर सेव्हिंगच्या लेजरची बेरीज जमेना. ५४० रुपयांचा फरक. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडले आहेत, हे जुने लोक पहिल्या आठवड्यात शिकवतात. तीन संध्याकाळी शोधले, सापडेना. चौथ्या संध्याकाळी शेवटची एसटी चुकत होती. मी बॅलन्सिंगच्या वहीत एका पानाच्या बेरजेत ५४० घुसडले. टॅली! साहेबांनी सही केली, मी एसटी पकडली. दिवा विझला.

पुढच्या आठवड्यात मारुतीच्या देवळाबाहेर फुले विकणाऱ्या आजी आल्या. अंगठा उठवणारे खाते. जूनचा महिना, नातवाला शाळेत घालायचे होते, पंधराशे रुपये हवे होते. मी लेजर उघडले. शिल्लक १,२८०.

"आजी, एवढे नाहीत हो."

"अठराशेच्या वर असतील की रं. मी चिंचोके मोजून ठिवलेत."

दहा रुपये भरले की डब्यात एक चिंचोका, असा त्यांचा हिशेब होता. पासबुक सहा महिन्यांत भरलेले नव्हते, म्हणजे बँकेच्या मते खरे ते लेजर. आजींनी त्या मोठ्या वहीकडे पाहिले, माझ्या शर्टाच्या इस्त्रीकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "मग चिंचोकेच चुकलं असतील माझं. तुमचं लिवल्यालं हाय." हजार रुपये घेऊन गेल्या.

दुपारच्या सुटीत मी जुने पान काढले. १,८२० ची शिल्लक नव्या पानावर नेताना १,२८० झाली होती. अक्षर माझेच. चौपन्न चिंचोके बरोबर होते. आणि तरी मी चार दिवस गप्प बसलो, कारण आता ती चूक सांगायची तर आधीची पुसापुशीही सांगावी लागणार होती. नुसत्या चुकीला एक शिवी, पुसलेल्या चुकीला मेमो. पाचव्या दिवशी झोप येईना म्हणून सांगितले. मेमो मिळाला, लाल शाईने दुरुस्ती झाली, आणि साहेब म्हणाले, "आता स्वतः जाऊन सांगून या."

मी देवळापाशी गेलो. आजी रागावल्या नाहीत. मला एक गजरासुद्धा दिला, जो अविवाहित माणसाने घरी कसा न्यावा हा वेगळाच प्रश्न. मी म्हणालो, "तुमचे चिंचोके बरोबर होते, आजी." तर त्या म्हणाल्या, "टाकून दिलं रं ते. म्हटलं, म्हातारपणी डोकं चालंना, कशाला मोजायचं?"

पैसे मी मिळवून दिले. चिंचोके मला परत देता आले नाहीत.

चूक पुसली की जाते कुठे, याचे उत्तर मला त्या दिवशी देवळाच्या पायरीवर मिळाले. ती नाहीशी होत नाही. जो कुणी पुढचा, साधा आणि आपल्यावर भरवसा ठेवणारा माणूस असतो, त्याच्या डोक्यात जाऊन बसते. त्याला वाटते, माझेच काहीतरी चुकले.

स्वयंपाकघरात थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग ताई म्हणाली, "तो पोरगा तीन महिन्यांपूर्वी गाडी शिकलाय. गाडीनं लाथ मारली तर त्याला वाटेल, आपल्यालाच चालवता येत नाही. आणि मागच्या सीटवर बाळ." एवढे म्हणून ती दूध तापवायला उठली.

शुक्रवारी गाडी लोण्यासारखी चालली. हाच मोठा मोह. बिघडलेली वस्तू एक दिवस नीट चालली की आपण तिला लगेच 'दुरुस्त झाली' असा दाखला देऊन टाकतो. भाऊजींनी संध्याकाळी यंत्र पुन्हा लावून पाहिले, तर निराळ्या यादीत एक नोंद तशीच बसलेली. साधारण २०१० नंतरच्या गाड्यांत ही सोय आहे म्हणे. काही दोषांची एक कायम नोंद राहते. ती बटणाने पुसत नाही. गाडीने स्वतः तपासून पाहावे, आता खरेच बरे आहे अशी तिची खात्री पटावी, तेव्हाच ती जाते. चित्रगुप्ताला हातवहीची गरज उरलेली नाही, हे मला तेव्हा समजले. भाऊजी त्या नोंदीकडे बघत असतानाच फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"काका, उद्या दहाला येतो. मित्र म्हणतात आधी मेकॅनिकला दाखव, पण तुमची गाडी म्हटल्यावर मी काही दाखवत नाही. काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी तीन बोटे वर केली. तिसरे उदाहरण! हुबेहूब! १८७२ चा घोडा एडिसनच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला होता, फक्त खिंकाळायचा बाकी होता.

भाऊजींनी घसा साफ केला. "उद्या येऊ नकोस रे. पुढच्या शनिवारी ये. गाडीत दोष निघालाय. गिअरबॉक्सचा डबा बदलून देतो, मग बघ."

फोन ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर १,१५० डॉलर गेल्याचे दुःख होते, पण खांदे जरा सैल झालेले दिसले.

डबा बदलणे हा प्रकार मी जातीने पाहिला. बदलायला किती वेळ लागावा? बॅटरीची तार सोडली, जोडणी उपसली, बोल्ट काढले, नवा डबा बसवला, पंधरा मिनिटे. जेवणाच्या डब्यापेक्षा लहान वस्तू. खरा वेळ गेला तो पुढे. आधी त्याला गाडीची ओळख सांगावी लागली, सतरा अक्षरांचा नंबर, म्हणजे आमच्याकडचे केवायसीच. मग त्याला शिकवणे आले. जुन्या डब्याला या गाडीच्या क्लचांची झीज पाठ होती. कुठला क्लच उशिरा धरतो, कुठे दाब जरा जास्त द्यायचा, हे तो मैलागणिक शिकत आला होता आणि त्याप्रमाणे सांभाळून घेत होता. नवा डबा म्हणजे नुकता रुजू झालेला हेडक्लार्क. त्याला सगळे नियमाप्रमाणे वाटते. म्हाताऱ्याने गाडी हळू सोडली, थांबवली, पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली. असे बराच वेळ. शेवटी म्हणाला, "थोडे दिवस अधूनमधून धक्का देईल. शिकतोय तो. घाबरू नका."

पुढच्या शनिवारी तो मुलगा आला. भाऊजींनी सगळे सांगितले. धक्के, दिवा, बटणसुद्धा. जुना डबा दाखवला, बिल दाखवले, म्हाताऱ्याचे शेवटचे वाक्यही सांगितले. मी भारावून गेलो होतो. आता हा मुलगा काकांच्या पाया पडणार, अशा अपेक्षेने मी बाजूला सरकलोही. मुलाने शांतपणे ऐकून घेतले, बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला, आणि परत येऊन म्हणाला, "काका, एकदा काम निघालेली गाडी आहे म्हणजे... चारशे कमी करा ना."

तीनशेवर तुटले.

रात्री भाऊजींनी कागदावर बेरीज मांडली. ११५० अधिक ३००. "तुमचा घोडा मला चौदाशे पन्नास डॉलरला पडला," ते मला म्हणाले.

"त्यातून भाजणी वजा करा," ताई म्हणाली.

मी पुण्याला परत आल्यावर तीन आठवड्यांनी भाऊजींनी त्या मुलाचा निरोप मला पाठवला. वर-खाली स्वतःचा एक शब्दही न लिहिता. मुलाने लिहिले होते, 'काका, पहिले काही दिवस गाडी मधूनच धक्के देत होती. तुम्ही सांगितलं होतं म्हणून कळलं की ती शिकतेय. नाहीतर मी पुन्हा ड्रायव्हिंगचा क्लास लावणार होतो. आता मस्त चालते. आईबाबा परवा आले.'

मी तो निरोप काउंटरवर बसून वाचला. समोर एक पेन्शनर आजोबा उभे होते. मी त्यांचे पासबुक यंत्रात घातले आणि यंत्राने ते नेहमीप्रमाणे चावले. आजवर अशा वेळी मी गंभीर चेहऱ्याने म्हणत असे, "पासबुक खराब झालंय हो तुमचं, जपून वापरत जा." आणि आजोबा मंडळी ओशाळून प्लॅस्टिकचे कव्हर विकत घ्यायला जात.

"खराब झालं का हो?" आजोबांनी विचारले.

"छे," मी म्हणालो, "पासबुक उत्तम आहे. माझाच हात वाईट आहे. पलीकडच्या मॅडमकडे द्या."